घंटेच्या आधीचे पावलॉव्ह

पावलॉव्ह म्हटले की शाळेच्या पुस्तकातला कुत्रा डोळ्यांसमोर येतो. घंटा वाजते, खाणे मिळते; काही दिवसांनी नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. या एका चित्रामुळे इव्हान पावलॉव्ह यांना बहुतेक लोक मानसशास्त्रज्ञ समजतात. प्रत्यक्षात ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनसंस्थेवरील कामासाठी. नोबेल मिळवणारे ते पहिले रशियन. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते आणि आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे त्यांनी एकाच प्रश्नामागे घालवली होती: घास तोंडात गेल्यापासून पुढे पोटात नेमके काय होते आणि ते कोण घडवून आणते?

पावलॉव्ह यांचा जन्म १८४९ साली रियाझान या मध्य रशियातल्या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. मुले बरीच, मिळकत बेताची. घरामागच्या बागेत वडील मुलाला बरोबर घेऊन खणायला, लावायला लावत. हाताने काम करण्याची ही आवड पावलॉव्ह यांना जन्मभर पुरली. लहानपणी ते उंचावरून पडले आणि प्रकृती इतकी खालावली की शाळेत जायलाच अकरावे वर्ष उजाडले. धर्मगुरूचा मुलगा धर्मगुरूच व्हायचा, या रिवाजाप्रमाणे त्यांना धर्मशिक्षणाच्या विद्यालयात घातले गेले. तिथेच त्यांच्या हाती इव्हान सेचेनोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचे पुस्तक पडले. माणसाचे वागणेही शरीराच्या नियमांनी उलगडू शकते, हा त्यातला विचार तरुण मनात घर करून बसला. १८७० साली धर्मशिक्षण अर्धवट सोडून ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाले.

विद्यापीठात इल्या त्सियोन हे त्यांचे शिक्षक. शस्त्रक्रियेत त्सियोन यांचा हात विलक्षण सफाईचा होता आणि शिष्यानेही तो उचलला. विद्यार्थिदशेतच पावलॉव्ह यांनी स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंवर निबंध लिहून सुवर्णपदक मिळवले. जठराच्या मागे आडवी पडलेली ही ग्रंथी पुढे त्यांना सर्वांत मोठे यश देणार होती, आणि सर्वांत मोठा धक्काही.

पुढची वर्षे ओढग्रस्तीची गेली. वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी सेर्गेई बोत्किन या नामवंत डॉक्टरांच्या रुग्णालयाला जोडलेली छोटी प्रयोगशाळा सांभाळली. १८८१ मध्ये सेराफिमा या शिक्षिकेशी लग्न झाले. संसार मांडण्याइतकाही पैसा नव्हता. पहिले मूल लहानपणीच गेले. एकदा विद्यार्थ्यांनी गुरुजींची अवस्था ओळखून व्याख्यानांच्या निमित्ताने वर्गणी जमवून दिली, तर पावलॉव्ह यांनी ते पैसेही प्रयोगांच्या प्राण्यांवर खर्च करून टाकले. १८८४ ते १८८६ या काळात जर्मनीत कार्ल लुडविग आणि रुडॉल्फ हायडेनहाइन यांच्या प्रयोगशाळांत काम करता आले. पण मायदेशी परतल्यावर स्थिर जागा मिळायला १८९० साल उजाडले. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रिया विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.

पचनाच्या मार्गाचा नकाशा तोपर्यंत माहीत होता. तोंड, घसा, अन्ननलिका, जठर, सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे, मग मोठे आतडे आणि गुदद्वार अशी ही एक लांबच लांब नळी. वाटेत तिला लाळग्रंथी, यकृत आणि स्वादुपिंड आपापले रस पुरवतात. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि प्रथिनांचे तुकडे करणारे पेप्सिन हे विकर असते, हेही कळले होते. अमेरिकेत विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने १८२२ साली गोळी लागून पोटाला कायमचे भोक पडलेल्या एका तरुणाच्या जठरात वर्षानुवर्षे डोकावून पाहिले होते. पण अवयव कुठे आहेत हे कळणे वेगळे आणि ते कसे काम करतात हे कळणे वेगळे. कोणता रस केव्हा सुटतो, किती सुटतो, कोणाच्या हुकमाने सुटतो, याची उत्तरे मिळत नव्हती.

अडचण पद्धतीत होती. त्या काळी जिवंत प्राण्याचे पोट उघडून काही तास निरीक्षण करत. भुलीखालच्या, रक्त गेलेल्या, मरणपंथाला लागलेल्या प्राण्यात पचन जवळपास थांबलेलेच असते. बंद पडलेल्या गिरणीत जाऊन दळण कसे होते ते पाहण्यासारखाच हा प्रकार. पावलॉव्ह यांनी ठरवले की आधी शस्त्रक्रिया करायची, प्राण्याला पूर्ण बरे होऊ द्यायचे आणि तो खाऊ-पिऊ, खेळू लागल्यावरच प्रयोगाला सुरुवात करायची. त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेतच माणसांच्या रुग्णालयासारखे निर्जंतुक शस्त्रक्रियागृह उभारले. शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवून त्यांची शुश्रूषा होई. काही कुत्री अशी वर्षानुवर्षे जगली.

यातला पहिला मोठा प्रयोग त्यांनी एकातेरिना शुमोवा-सिमानोव्स्काया या सहकारी डॉक्टरबरोबर केला. कुत्र्याची अन्ननलिका मानेजवळ छेदून तिची टोके बाहेर कातडीला जोडली आणि जठराला बाहेर उघडणारी एक नळी बसवली. कुत्रा बरा झाल्यावर त्याच्यापुढे मांस ठेवले. तो चावायचा, गिळायचा आणि घास मानेतल्या छिद्रातून पुन्हा ताटलीत पडायचा. कुत्रा तोच घास पुन्हा खायचा. त्याचे पोषण जठरातल्या नळीतून वेगळे केले जाई. या खोट्या जेवणातला एकही कण जठरात पोचत नव्हता. तरीही पाचेक मिनिटांत जठराच्या नळीतून स्वच्छ, पाण्यासारखा, आंबट रस टपकू लागला आणि खाणे चालू असेपर्यंत टपकत राहिला.

म्हणजे जठराला अन्नाचा स्पर्श व्हायची गरज नव्हती. चव, वास आणि खाण्याची ओढ पुरेशी होती. हा निरोप कोणत्या वाटेने येतो, हेही त्यांनी शोधले. मेंदूपासून निघून मान, छाती ओलांडून पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूंच्या जोडीने तो येतो. त्या मज्जातंतू तोडल्या, की कुत्रा कितीही आवडीने खावो, खोट्या जेवणाने रस सुटत नसे.

आता खऱ्या जेवणाचे काय, हा पुढचा प्रश्न होता. खरे अन्न जठरात गेले की रस त्यात मिसळून जातो, मग मोजायचा कसा? हायडेनहाइन यांनी जठराच्या भिंतीचा एक तुकडा वेगळा शिवून त्याची छोटी पिशवी केली होती, पण तसे करताना व्हेगसच्या शाखा कापल्या जात. पावलॉव्ह यांनी मज्जातंतू शाबूत ठेवून तशीच पिशवी बनवण्याचा चंग बांधला. ही शस्त्रक्रिया अतिशय नाजूक आणि अनेकदा फसलेली. १८९४ साली द्रुझोक नावाच्या कुत्र्यावर ती साधली. रशियन भाषेत या नावाचा अर्थ छोटा मित्र. आता मोठ्या जठरात जेवण पचत होते आणि बाजूच्या छोट्या पिशवीत त्याचे प्रतिबिंब पडल्यासारखा निर्भेळ रस साठत होता. तासातासाला तो मोजता येऊ लागला.

मोजल्यावर जे दिसले ते थक्क करणारे होते. मांस, पाव आणि दूध या तिन्हींना जठर वेगवेगळा प्रतिसाद देत होते. मांसाला पहिल्या दोन तासांत भरपूर आणि अधिक आम्लयुक्त रस सुटे. पावाला पहिल्या तासात जोर, मग बराच वेळ संथपणे थोडा थोडा रस. पण त्यात प्रथिने तोडण्याची ताकद सर्वांत जास्त. दुधाचा रस मात्र हळूहळू वाढे, कारण त्यातली चरबी सुरुवातीला रसाला लगाम घालत असे. पचनाच्या ग्रंथी समोरचे अन्न पाहून रसाचे प्रमाण आणि प्रत ठरवतात, असा निष्कर्ष पावलॉव्ह यांनी काढला.

आणखी एक प्रयोग तर रोजच्या जेवणाशी थेट नाते सांगणारा होता. कुत्र्याचे लक्ष नसताना, त्याला कळू न देता, पाव किंवा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग नळीतून सरळ जठरात टाकला. तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ रसाचा थेंबसुद्धा सुटला नाही. तेच अन्न कुत्र्याने तोंडाने, आवडीने खाल्ले तर मिनिटांत रस सुरू. भूक ही केवळ मनाची भावना नसून जठररस सोडणारी सर्वांत प्रबळ शक्ती आहे, असे पावलॉव्ह मांडू लागले. भुकेला कोंडा, निजेला धोंडा असे आपल्याकडे म्हणतात. भूक असली की कोंडाही गोड लागतो, हे म्हणीने सांगितले. भूक असली की तो पचवण्याची तयारीही आधीच सुरू होते, हे सेंट पीटर्सबर्गच्या कुत्र्यांनी दाखवले. खोट्या जेवणातून मिळणारा शुद्ध जठररस गाळून अपचनाच्या रुग्णांना औषध म्हणून विकला जाऊ लागला आणि त्या उत्पन्नाने प्रयोगशाळेचा खर्च भागायला मोठी मदत झाली.

जठरानंतरचा मुक्काम म्हणजे लहान आतड्याचा पहिला, वीतभर लांबीचा भाग, आद्यांत्र. जठराच्या टोकाची झडप आंबट लगदा थोडा थोडा करून इथे सोडते. इथेच यकृतातले पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. स्वादुपिंडाचा रस जठराच्या आम्लाचा जोर मारतो आणि पिष्ट, प्रथिने, चरबी या तिन्हींवर काम करतो. इतका प्रखर रस स्वादुपिंडालाच का खाऊन टाकत नाही? याचे उत्तर १८९९ साली पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत निकोलाय शेपोवालनिकोव्ह यांना सापडले. प्रथिने तोडणारे विकर स्वादुपिंडातून निघताना निद्रिस्त असते. आद्यांत्राच्या अस्तरातून सुटणारे दुसरे एक विकर त्याला जागे करते. त्याला पावलॉव्ह यांनी एंटेरोकायनेज असे नाव दिले. म्यानातली तलवार रणांगणात पोचल्यावरच उपसावी, तशी ही व्यवस्था. ती बिघडली आणि विकरे ग्रंथीतच जागी झाली, तर स्वादुपिंडाचा तीव्र दाह होतो. आजही तो जिवावर बेतू शकतो.

आद्यांत्रात आम्ल पोचले की स्वादुपिंड रस सोडू लागते, हेही पावलॉव्ह यांच्या शिष्यांनी दाखवले होते. हा निरोप मज्जातंतूच नेत असणार, याबद्दल पावलॉव्ह यांना शंका नव्हती. लाळ, जठर, स्वादुपिंड, सगळीकडे हुकूम मज्जासंस्थेचा, हा त्यांच्या साऱ्या कामाचा कणा होता.

या कण्यालाच १९०२ च्या जानेवारीत लंडनमध्ये धक्का बसला. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका वेटोळ्याच्या सर्व मज्जातंतू कापल्या आणि त्यात आम्ल सोडले. निरोप नेणारी तार तुटलेली असूनही स्वादुपिंडातून रस आला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात घोटले आणि तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस आला. निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रिटिन म्हटले. अशा रासायनिक दूतांना पुढे संप्रेरके हे नाव मिळाले आणि शरीरशास्त्राची एक नवी शाखाच उघडली.

सेंट पीटर्सबर्गमध्ये ही बातमी पोचली तेव्हा सहकाऱ्यांना ती पटेना. पावलॉव्ह यांनी तोच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करून पाहायला सांगितला. सगळे भोवती उभे राहिले. अर्क टोचला गेला, रस टपकू लागला. पावलॉव्ह काही न बोलता आपल्या खोलीत निघून गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते लंडनवाल्यांचे बरोबर आहे, हे मान्य करूनच. सत्य शोधण्याचा मक्ता एकट्या आपल्याकडे नाही, अशा अर्थाचे ते काही बोलले, असे त्यांच्या शिष्याने पुढे लिहून ठेवले. पंचवीस वर्षांचे घर डोळ्यांसमोर डळमळताना पाहणे सोपे नसते. पण कबुली देताना त्यांनी आकडेमोडीत पळवाट शोधली नाही.

दोन वर्षांनी नोबेल मिळाले. तोवर पावलॉव्ह यांचे लक्ष तोंडाकडे, म्हणजे लाळेकडे वळले होते. कुत्र्याला अन्न दिसण्याआधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची पावले ऐकूनच लाळ सुटते, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होते. जठररसाच्या मोजमापात घोळ घालणारी ही गोष्टच आता अभ्यासाचा विषय झाली. ठोके देणारा मेट्रोनोम, दिवा, त्वचेला स्पर्श अशा खुणांची अन्नाशी सांगड घालून त्यांनी शिकलेल्या प्रतिक्षिप्त क्रियांचे शास्त्र उभारले. घंटाही काही प्रयोगांत होती, पण तिला मिळालेली प्रसिद्धी तिच्या वाट्याच्या कामाहून मोठी आहे. जगाला पावलॉव्ह आठवतात ते इथून पुढचे.

उतारवयात त्यांनी क्रांती, यादवी युद्ध आणि दुष्काळ पाहिला. १९१९ मध्ये एक मुलगा गेला. पेत्रोग्राद झालेल्या त्यांच्या शहरात माणसांनाच अन्न नव्हते, तिथे प्रयोगांची कुत्री भुकेने मरू लागली. सत्तरीतले पावलॉव्ह संस्थेच्या आवारात कुदळ घेऊन भाजी पिकवत होते. वडिलांच्या बागेतले शिक्षण असे कामी आले. ते देश सोडतील या धास्तीने लेनिन यांनी १९२१ मध्ये त्यांच्या कामासाठी खास सोयी देण्याचा आदेश काढला. पावलॉव्ह राहिले, मात्र सरकारच्या दडपशाहीविरुद्ध सत्ताधाऱ्यांना खरमरीत पत्रे लिहितच राहिले. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.

त्याच्या आदल्या वर्षी संस्थेच्या आवारात एका कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. ते आजही तिथे आहे. पचनाविषयीचे हे ज्ञान फुकट मिळालेले नाही, याची ती आठवण. भुलीचा आणि शुश्रूषेचा पावलॉव्ह यांनी आग्रह धरला, तरी शेकडो कुत्र्यांनी त्याची किंमत मोजली. आज असे प्रयोग करायचे तर कितीतरी नियमांच्या चाळणीतून जावे लागेल.

पावलॉव्ह आणि लंडनचे ते दोघे, यांत शेवटी जिंकले कोण? दोघांचेही अर्धे-अर्धे बरोबर निघाले. आज जठररस सुटण्याचे तीन टप्पे मानतात. पहिला मेंदूचा: अन्न दिसले, वास आला, घास चावला की व्हेगसमार्फत रस सुरू होतो. एका जेवणाला सुटणाऱ्या आम्लापैकी साधारण तीस टक्के या टप्प्यातले असते. दुसरा जठराचा: अन्नाने जठर ताणले गेले की मज्जातंतू आणि गॅस्ट्रिन हे संप्रेरक मिळून रस वाढवतात. तिसरा आतड्याचा: लगदा आद्यांत्रात उतरला की सिक्रिटिनसारखी संप्रेरके जठराला आवरते घ्यायला लावतात आणि स्वादुपिंडाला कामाला जुंपतात. मज्जातंतू आणि संप्रेरके ही एकाच घरातली दोन माणसे, एकमेकांना निरोप देत घर चालवणारी.

या ज्ञानाचा उपयोग दवाखान्यातही झाला. १९४० च्या दशकात शिकागोचे शल्यचिकित्सक लेस्टर ड्रॅगस्टेड्ट यांनी अल्सरच्या रुग्णांत व्हेगस कापून आम्ल कमी करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. अनेक दशके ती हजारोंवर झाली. पुढे आम्ल कमी करणारी औषधे आली आणि बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे कळले, तेव्हा तिची गरज जवळपास संपली. स्वादुपिंड नीट रस सोडते की नाही हे तपासताना डॉक्टर कधी कधी सिक्रिटिनच टोचून पाहतात. पावलॉव्ह यांना खोलीचे दार लावून बसायला लावणारे हेच ते द्रव्य.

स्वयंपाकघरात फोडणीचा चर्र आवाज होतो, हिंगाचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटते. त्याच वेळी आत, कुणाला न कळता, जठरालाही पाणी सुटलेले असते. ताट अजून वाढलेले नसते, पण पचन सुरू झालेले असते.